पोट दिसायला लागलंय आणि पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे: ड्रेसच्या आधी तारखा बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २२वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ, आताच्या कंपनीत ३ वर्षं झालीत. नव्या ठिकाणचे दोन राउंड व्हिडिओवर झाले, तिथे खांद्यापासून वरचंच दिसत होतं त्यामुळे विषय निघाला नाही, आणि आता फायनल राउंड समोरासमोर आहे. काय घातलं म्हणजे पोट कळणार नाही आणि आत्तापर्यंत सांगितलं नाही ही फसवणूक झाली का, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. मला विचाराल तर सगळ्यात कामाची ओळ ती शेवटचीच आहे, बाकीचं नंतर बघू.

मी १७ वर्षं भरतीच्या कामात आहे, आधी एजन्सीत आणि मग कंपनीच्या एचआरमध्ये. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय, सातव्या महिन्यात स्वतः इंटरव्ह्यू पण दिलाय आणि तो चांगलाच पाडलाय, त्याबद्दल पुढे सांगते.

फसवणुकीचं आधी संपवून टाकू. नाही, ही फसवणूक नाही. एखाद्याचं दोन महिन्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं, तो दुसऱ्या राउंडला ते सांगत बसत नाही आणि कुणी विचारतही नाही. प्रायव्हेट नोकरीच्या इंटरव्ह्यूत बाईने गरोदर असल्याचं सांगितलंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. मात्र कंपनीने विचारूच नये असं थेट कुठे लिहिलेलं नाही हेही खरंय. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरती करताना बाई म्हणून भेदभाव करायचा नाही असं होतं, आता तो मुद्दा वेतन संहितेत आलाय, पण गरोदरपणाचा वेगळा शब्द त्यात नाही, त्यामुळे "तुम्हाला असं विचारता येणार नाही" हे वाक्य पॅनेलसमोर फेकायला जाऊ नका.

खोटं मात्र बोलू नका. न सांगणं वेगळं आणि विचारल्यावर नाही म्हणणं वेगळं. यात एक जुनं प्रकरण आहे एलआयसीचं. तिथे जॉइनिंगच्या फॉर्ममध्ये पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस राहिले असले रकाने होते. एका बाईंनी त्यात चुकीची माहिती दिली म्हणून त्यांना प्रोबेशनमध्येच काढलं. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्ममधून काढून टाका असंही सुचवलं. म्हणजे कोर्ट त्यांच्या बाजूने उभं राहिलं, पण त्यासाठी त्यांना पार सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं हे विसरू नका. आणि हे सगळं इतिहासजमा झालं असंही नाही. २०२१ च्या डिसेंबरअखेर स्टेट बँकेने ३ महिन्यांपेक्षा जास्त दिवस गेलेल्या उमेदवाराला तात्पुरतं अनफिट धरायचा नियम काढला होता, ओरड झाली तेव्हा २०२२ च्या जानेवारीत मागे घ्यावा लागला.

आता ६० दिवसांकडे या, आणि समोर कॅलेंडर घेऊनच बसा.

मॅटर्निटी लीव्ह २६ आठवडे, हे सगळ्यांना माहीत असतं, २०१७ च्या दुरुस्तीपासून ते आहे. त्याच्या आधीची अट फारशी कुणाला माहीत नसते. ज्या कंपनीकडून पगारी रजा हवीये त्याच कंपनीत, ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत, निदान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. १९६१ च्या जुन्या कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने आलेली ही ८० दिवसांची अट नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आहे. आधीच्या कंपनीतली ३ वर्षं इथे काही कामाची नाहीत, नवीन ठिकाणी मोजणी शून्यापासून.

तुमच्या तारखा मी कागदावर मांडून बघितल्या. इंटरव्ह्यू २३व्या आठवड्यात, समजा सगळं फटाफट झालं आणि २४व्याला ऑफर हातात आली, तुम्ही त्याच दिवशी राजीनामा दिला, ६० दिवस म्हणजे साडेआठ आठवडे, म्हणजे जॉइन होताना ३२ आठवडे उलटून गेलेले. ४० पर्यंत उरतात जेमतेम साडेसात आठवडे. रविवार धरून मोजलं तरी ५२ दिवस होतात. ८० होणारच नाहीत, तुम्ही लेबर रूमच्या दारापर्यंत लॅपटॉप घेऊन गेलात तरी. नोटीस बायआउट करून, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, २६व्या आठवड्यात जॉइन झालात तर १४ आठवडे मिळतात, पाच दिवसांचा आठवडा असेल तर ते ७० दिवस होतात आणि सहा दिवसांचा असेल तर ८४, तेही एकही रजा न घेता आणि बाळाने तारीख पाळली तर. (पगारी सुट्ट्या यात धरल्या जातात, पण साप्ताहिक सुट्टी धरायची की नाही यावर एचआरवाले आपसात भांडतात, म्हणून मी सगळ्यांना सांगते की ऑफिसचे दिवसच मोजा, वाढले तर बोनस.)

आणि आताच्या कंपनीत? तिथे ३ वर्षं झालीत, २६ आठवडे तुमच्या हक्काचे आहेत, त्यातले ८ आठवडे ड्यू डेटच्या आधी घेता येतात. म्हणजे तुमचा खरा प्रश्न पोट कसं लपवायचं हा नाहीये, सहा महिन्यांची हक्काची पगारी रजा सोडून मी दुसरीकडे जातेय तर त्याच्या बदल्यात मला काय मिळतंय हा आहे. हा हिशोब न करता राजीनामा दिलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत, त्यातल्या एकीला नव्या एचआरने जॉइनिंगनंतर तिसऱ्या आठवड्यात पॉलिसीचं पान दाखवलं तेव्हा ती माझ्यासमोर बसून बोटांवर दिवस मोजत होती.

म्हणून जाऊच नका असं म्हणत नाहीये मी. आताचा बॉस छळत असेल, कंपनी बुडायला आली असेल, नव्या ठिकाणी पगार चांगला दीडपट असेल, तर गणित बदलतं, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. पण मार्ग कोणते आहेत ते सांगते. पहिला, नव्या कंपनीला सरळ विचारायचं की ८० दिवसांची अट बाजूला ठेवून पगारी रजा द्याल का. कायद्याने दिलंय त्याच्यापेक्षा जास्त द्यायला कंपनीला कुणीच अडवलेलं नाही, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या पॉलिसीत पहिल्या दिवसापासून रजा असते. दुसरा, अर्धी पगारी अर्धी बिनपगारी असं काहीतरी ठरवणं. तिसरा, जॉइनिंगच बाळंतपणानंतर ठेवणं. हा तिसरा मला तुमच्या बाबतीत सगळ्यात बरा वाटतो, पण त्यात एक खड्डा आहे. जुन्या कंपनीची पगारी रजा चालू असताना नवीन ठिकाणी कामाला लागता येत नाही, तसं केलं तर तेवढ्या काळाच्या पैशावरचा हक्क कायद्यानेच जातो. म्हणजे रजा संपेपर्यंत थांबायचं, मग नोटीस, मग नवीन नोकरी, आणि एवढं थांबायला नवी कंपनी तयार असली पाहिजे. आत्ताची जागा तातडीने भरायची असेल तर नाही थांबणार, हे धरून चाला. टीम वाढवायची म्हणून भरती असेल तर थांबतात, मी थांबलेल्या पाहिल्यात.

ज्यांचा पगार महिना २१,००० च्या आत आहे आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जातो त्यांचं वेगळं आहे. तिथे कंपनी बदलली तरी इन्शुरन्स नंबर तोच राहतो आणि आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते, मालक कोण होता ते बघत नाहीत. तुम्ही त्यात बसत नाही, पण हे वाचणारं कुणी असेल म्हणून लिहिलं.

आता इंटरव्ह्यू.

मागे माझ्या पॅनेलसमोर एक मुलगी आली होती, डेटाच्या पोझिशनसाठी. तिने आल्यापासून एक जाडी फाइल पोटाशी धरलेली. पाऊण तास. आमच्यातल्या एकाने तिला बोर्डवर डेटाची टेबलं कशी जोडशील ते काढून दाखव म्हटलं, तर तिने एका हाताने फाइल धरून दुसऱ्या हाताने मार्कर चालवला, मार्कर वाळलेला होता, दुसरा घ्यायला टोपण काढावं लागणार आणि त्याला दोन हात लागतात. ती "तोंडीच सांगते" म्हणाली. तोंडी सांगितलेलं बरोबर होतं, पण बाहेर आल्यावर पॅनेल म्हणालं, कॉन्फिडन्स नाही वाटला. फाइलच्या मागे काय आहे ते आम्हा तिघांनाही आत येतानाच दिसलं होतं. लपवण्यात जेवढं डोकं जातं तेवढं उत्तरातून कमी होतं, एवढंच मला म्हणायचंय.

मग सांगायचं कधी? इथे एकमत नाही, माझ्याच टीममध्ये दोन मतं आहेत. माझा ठोकताळा असा: स्पष्ट दिसत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगा, कारण नाहीतर समोरचा माणूस अख्खा वेळ "विचारू का नको" यातच असतो आणि तुमचं अर्धं उत्तर त्याच्या कानावरून जातं. आहे की नाही अशी शंका येण्याइतपतच दिसत असेल तर आधी कामाबद्दल बोलून घ्या आणि नोटीस पिरियडचा प्रश्न आला की तिथे सांगा, ती त्याची नैसर्गिक जागा आहे. २३व्या आठवड्यात पहिलटकरणीचं पोट दोन्ही प्रकारचं असू शकतं, आरशात बघून ठरवा. आदल्या दिवशी रिक्रूटरला मेल करून कळवू का, असं बऱ्याच जणी विचारतात. मी नाही म्हणते. मेलवर कळवलं की समोरच्याला तुम्हाला न भेटताच "पोझिशन होल्डवर गेली" म्हणायची सोय होते. हे मला कसं माहीत, तर असा मेल वरून सांगितल्यावर मी स्वतः एकदा पाठवलाय, नोकरीच्या चौथ्या वर्षी. पोझिशन होल्डवर नव्हती. अपवाद एकच, चार राउंड एका दिवसात ठेवले असतील आणि तुम्हाला ते झेपणार नसेल तर कळवा आणि दोन दिवसांत वाटून मागा.

सांगायचं वाक्य छोटं ठेवा आणि घरी मोठ्याने म्हणून बघा. साधारण असं: "एक गोष्ट आधीच सांगते, मी प्रेग्नंट आहे, ड्यू डेट अमुक महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. जॉइनिंग आणि रजेचा मी अंदाज काढून आणलाय, तारखांवर बोलू तेव्हा सांगते." आणि थांबायचं. सॉरी नाही, "पण मी खूप हार्डवर्किंग आहे" नाही, डॉक्टर काय म्हणाले ते नाही. बहुतेक वेळा समोरून अभिनंदन येतं, थँक्यू म्हणायचं आणि पुढे चला.

तारखांचा अंदाज काढून न्या म्हणतेय त्याचं कारण सांगते. गरोदर उमेदवार समोर आली की एचआर आणि मॅनेजर दोघांच्या डोक्यात वेगवेगळी गणितं चालू होतात. एचआर पैसे मोजतो, कारण आपल्याकडे ईएसआय सोडलं तर २६ आठवड्यांचा पगार कंपनीच्याच खिशातून जातो, सरकार त्यात भर घालत नाही. मॅनेजर महिने मोजतो. रिक्विझिशन, म्हणजे जागा भरायची मागणी, मंजूर करून घ्यायला त्याने चार महिने घालवलेले असतात, माणूस मिळाला आणि दोन महिन्यांत परत खुर्ची रिकामी, मग काम कोण ओढणार. फायनल राउंडला तुमच्यासमोर मॅनेजर असतो, म्हणून महिन्यांचं बोला. पहिल्या सहा आठवड्यांत मी काय काय हातात घेऊन पूर्ण करू शकते, काय लिहून ठेवून जाईन, कोणत्या महिन्यात परत पूर्णवेळ असेन. तुम्हीच लिहिलंय की नवीन सिस्टीमवर जायचं काम त्यांच्याकडे वर्षभर चालणार आहे. मग सांगा की सुरुवातीचं मॅपिंग (जुन्यातलं काय नव्यात कुठे जाईल ते) मी जाण्याआधी होईल आणि मी परत येईन तेव्हा टेस्टिंग चालू असेल. मॅनेजरचा चेहरा बदलतो अशा वाक्यावर, त्याच्या डोक्यातला एक लांबलचक रिकामा पट्टा दोन तुकड्यांत वाटला जातो. पैशाचं आणि रजेचं नंतर एचआरशी, ऑफरच्या वेळी. दोन्ही गणितं एकाच खोलीत सोडवायला जाऊ नका.

आता माझा पडलेला इंटरव्ह्यू. सातवा महिना, समोर तिघे, आणि त्यातल्या एकाने अगदी मायेने विचारलं, "बाळाला बघायला घरी कोण आहे?" मी सुरू झाले. आई कधी येणार, सासूबाई कधी, मधल्या दिवसांत कोण, पाळणाघर किती लांब, दहा मिनिटं. बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये लक्षात आलं की चाळीस मिनिटांतली दहा मी स्वतःच्या घराचं वेळापत्रक सांगण्यात घालवली आणि माझ्या सगळ्यात चांगल्या प्रोजेक्टचं नावही निघालं नाही. नोकरी मिळाली नाही, आणि त्यांनी दिली नाही याचा राग अनेक वर्षं होता, पण त्या दहा मिनिटांचा राग अजून आहे. असं विचारलं तर एका वाक्यात: "व्यवस्था झालीये, कामाच्या वेळेवर परिणाम होणार नाही." आणि लगेच कामावरचा एखादा प्रश्न त्यांनाच विचारा. "परत येणार ना नक्की?" यालाही तेच, "हो, म्हणून तर आत्ता या अवस्थेत इंटरव्ह्यू देतेय," हे एका उमेदवाराने हसत दिलेलं उत्तर होतं आणि ते इंटरव्ह्यूनंतरच्या आमच्या चर्चेत दोनदा निघालं.

शरीराचं थोडक्यात. या महिन्यांत सलग बोललं की दम लागतो, त्यामुळे दोन मिनिटांची उत्तरं एका मिनिटाची करून ठेवा. बुडणारा सोफा असेल तर साधी खुर्ची मागा, उठताना होणारी धडपड वाचते. आत जायच्या आधी बाथरूमला जाऊन या आणि मध्ये लागलं तर सरळ सांगून उठा.

ऑफर आली तर राजीनाम्याच्या आधी काय काय लेखी हवं ते सांगते, आणि लेखी म्हणजे एचआरचा मेल, मॅनेजर फोनवर "होऊन जाईल हो" म्हणाला ते नाही. रजा किती, पगारी किती, ८० दिवसांची अट लावणार का. रजेत गेल्यावर प्रोबेशन थांबतं की चालू राहतं. ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळंतपण पहिल्या दिवसापासून कव्हर आहे की वेटिंग पिरियड आहे, कारण जुन्या कंपनीचं कव्हर साधारण शेवटच्या दिवशी संपतं आणि तुम्ही नेमक्या ३३व्या आठवड्यात दोन पॉलिसींच्या मध्ये लटकू शकता. ५० किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने लागते, ती प्रत्यक्षात कुठे आहे तेही विचारा, कागदावर बऱ्याच ठिकाणी असते.

एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात. जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये पुष्कळ ठिकाणी छातीचा एक्स-रे असतो. लॅबमधला माणूस पन्नास जणांची यादी घेऊन बसलेला असतो, तो विचारेलच असं नाही. तुम्ही आधी सांगा, आणि एक्स-रे पुढे ढकलल्याचं डॉक्टरकडून लिहून घ्या.

म्हणजे क्रम असा: आज रात्री तारखा मांडायच्या, जुन्या ठिकाणचं काय सोडतेय ते आकड्यात लिहायचं, इंटरव्ह्यूत एका वाक्यात सांगून कामावर बोलायचं, रजेचं एचआरकडून मेलवर घ्यायचं, आणि ते आल्याशिवाय आताच्या बॉसला एक अक्षर नाही.

ड्रेसचं राहिलंच. मांडीवर घट्ट होणार नाही आणि तासभर बसल्यावर पोटाला काचणार नाही असं जे काही तुमच्याकडे आत्ता आहे ते घाला, फक्त आदल्या दिवशी घालून अर्धा तास खुर्चीत बसून बघा, कारण गेल्या महिन्यात नीट बसणारा कुर्ता या महिन्यात बसेलच असं नसतं.